भाद्रपद शुद्ध पंचमी : शेगावच्या इतिहासातील एक तिथी

गावाचा इतिहास लिहिताना राजवटी, लढाया, सनदा आणि वास्तू यांचा क्रम सामान्यतः पाळला जातो. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे मात्र आपला इतिहास या क्रमाने स्मरणात ठेवीत नाहीत. त्यांच्या स्मरणाचे साधन तिथी हे असते. कोणत्या सनात काय घडले हे विसरले जाते. परंतु कोणत्या तिथीला काय करावयाचे हे विसरले जात नाही. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव नगरीच्या बाबतीत अशी एक तिथी म्हणजे भाद्रपद शुद्ध पंचमी होय. संत श्री गजानन महाराजांच्या समाधीचा हा दिवस. व्रतवैकल्ये करणाऱ्या घरांतून तो ऋषिपंचमी म्हणून पाळला जातो. जैन समाजात याच तिथीला स्थानकवासी व तेरापंथी संवत्सरी साजरी करतात आणि दिगंबर समाजाचे दशलक्षण पर्व याच दिवशी सुरू होते. एकाच दिवसावर इतक्या परंपरांनी आपली खूण का ठेवली आणि राज्ये पालटत असताना हा दिवस कसा टिकून राहिला, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

८ सप्टेंबर १९१०

शेगावच्या अर्वाचीन इतिहासाचे दोन टोकांचे दिवस सर्वपरिचित आहेत. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीस, देविदास पातुरकर यांच्या घराबाहेर टाकलेल्या पत्रावळींवरील अन्नकण वेचून खाताना गजानन महाराज बंकटलाल अगरवाल यांच्या दृष्टीस पडले. बत्तीस वर्षांनंतर, शके १८३२ मध्ये, भाद्रपद शुद्ध पंचमीस त्यांनी देह ठेवला. त्या दिवशी ८ सप्टेंबर १९१० ही तारीख आणि गुरुवार होता.

संतकवी दासगणू महाराजांनी १९३९ साली रचलेल्या ‘श्री गजानन विजय’ या एकवीस अध्यायांच्या ग्रंथात या प्रसंगाचे वर्णन आहे. त्यानुसार महाराजांनी पंढरपुरी जाऊन विठ्ठलाचा निरोप घेतला आणि शेगावी परतल्यावर देह ठेवण्याचा दिवस भक्तांना आधीच सांगून ठेवला. आदल्या दिवशी, गणेश चतुर्थीस, मातीच्या गणपतीचे उदाहरण त्यांनी भक्तांपुढे ठेवले. मूर्ती प्रेमाने आणावयाची, पूजावयाची आणि दुसऱ्या दिवशी शोक न करता पाण्यात सोडावयाची. देहाविषयीही तीच वृत्ती असावी, असा त्या सांगण्याचा आशय होता. दोन वर्षांपूर्वीच, १९०८ साली, महाराजांच्या हयातीतच संस्थानाची स्थापना झालेली होती. त्यामुळे समाधीनंतर उत्सवाची परंपरा विस्कळीत न होता चालू राहिली. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेपासून पंचमीपर्यंत याग, कीर्तन, पालखी आणि खेडोपाडीच्या दिंड्या असा हा पुण्यतिथी उत्सव असतो.

अशा रीतीने शेगावच्या पंचमीला १९१० पासून एक नवा अर्थ प्राप्त झाला. ही तिथी मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून या प्रदेशात पाळली जात होती.

पन्नास दिवसांचा हिशेब

जैन परंपरेत या तिथीचे मूळ कल्पसूत्रात सापडते. भद्रबाहूंच्या नावे प्रसिद्ध असलेल्या या ग्रंथाच्या अखेरच्या भागात, म्हणजे सामाचारीत, वर्षावासाचे नियम दिले आहेत. पावसाळ्याचा एक महिना आणि वीस रात्री लोटल्यावर भगवान महावीरांनी पर्युषण केले, असे तेथे सांगितले आहे. आषाढ पौर्णिमेपासून मोजल्यास श्रावण पौर्णिमेपर्यंत तीस दिवस होतात, अमावास्येपर्यंत पंधरा आणि त्यापुढे पाच. हा पन्नासावा दिवस म्हणजेच भाद्रपद शुद्ध पंचमी. तेथून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत सत्तर दिवस उरतात.

या हिशेबाचे जे कारण ग्रंथात दिले आहे ते मोठे व्यवहारी आहे. तोपर्यंत गृहस्थांनी आपल्या घरांची डागडुजी केलेली असते. ती शाकारलेली, सारवलेली असतात, पाण्याला वाट करून दिलेली असते. साधूंच्या निमित्ताने कोणाला मुद्दाम काही करावे लागू नये, त्यातून जीवहिंसा घडू नये, हा त्यामागील हेतू. तिथीच्या निश्चितीतच अहिंसेचा विचार अशा प्रकारे अंतर्भूत आहे. त्या नियमाला एक मर्यादाही घातलेली आहे. आवश्यक असल्यास पर्युषण या दिवसाच्या आधी करता येते. परंतु ही रात्र ओलांडता येत नाही.

पैठणचा निर्णय

या मर्यादेची कसोटी महाराष्ट्राच्या भूमीवरच लागली. सातव्या शतकातील निशीथचूर्णी या ग्रंथात आचार्य कालकांची कथा येते. कालकाचार्य प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे गोदातीरीच्या पैठणात, आले असता तेथील सातवाहन राजाने त्यांना विनंती केली की, पंचमीस नगरात इंद्रमहोत्सव असतो आणि त्या दिवशी राजाला लोकांसोबत राहावे लागते. तरी पर्युषण षष्ठीस करावे. आचार्यांनी षष्ठीस नकार दिला, कारण पंचमीची रात्र ओलांडता येत नाही. राजाने मग चतुर्थीचा पर्याय सुचविला आणि तो आचार्यांनी स्वीकारला. श्वेतांबर मूर्तिपूजक परंपरेत संवत्सरी चतुर्थीस होते, ती या निर्णयाला अनुसरून. स्थानकवासी आणि तेरापंथी परंपरेने पंचमीच राखली.

दिगंबर परंपरेत पंचमी हा पर्वाचा प्रारंभ आहे. त्या दिवसापासून अनंत चतुर्दशीपर्यंत दहा दिवस दहा धर्मांचे चिंतन होते आणि तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांपैकी रोज एकाचे वाचन होते. त्यातील पहिला धर्म उत्तम क्षमा हा आहे. म्हणजे श्वेतांबरांचे पर्व ज्या क्षमेने संपते, त्याच क्षमेने दिगंबरांचे पर्व सुरू होते. दोन्ही परंपरा या तिथीच्या उंबरठ्यावर एकमेकींना भेटतात.

पोळा ते पंचमी

वऱ्हाडच्या शेतकरी घराला ही तिथी वेगळ्या वाटेने परिचित आहे. श्रावण अमावास्येस पोळा येतो. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना लोणी व हळद लावून खांदेमळणी होते. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवले जात नाही. त्यानंतर बरोबर पाच दिवसांनी ऋषिपंचमी येते. सप्तर्षी आणि अरुंधती यांची पूजा करणाऱ्या स्त्रिया त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे धान्य खात नाहीत. परसात वा बांधावर नांगराविना उगवलेल्या अळू, भेंडी, भोपळा, मका यांसारख्या जिनसांची ‘ऋषीची भाजी’ एवढाच त्यांचा आहार असतो.

या भाजीत सुरणासारखे कंदही पडतात आणि कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या जैन घरात ती जशीच्या तशी चालणार नाही. आचारातला हा भेद खरा आहे. तरीही दोहोंमागचा विचार एकच आहे: आपल्या अन्नासाठी दुसऱ्या जीवाला किती कष्ट पडले याचा हिशेब वर्षातून एक दिवस तरी मांडावा. पर्युषणाच्या आठ दिवसांतच पोळा येतो आणि पोळ्यापासून पाचव्या दिवशी पंचमी. त्यामुळे या आठवड्यात वऱ्हाडच्या एकाच गल्लीत कोणी बैलाला विसावा देत असतो, कोणी उपवास करीत असतो आणि कोणी शेगावची वाट चालत असतो.

राज्ये बदलली, तिथी राहिली

शेगावच्या एका शतकातील पंचम्या क्रमाने पाहिल्या तर वऱ्हाडचा राजकीय इतिहास आपोआप उलगडतो. २१ मे १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. ५ नोव्हेंबर १९०२ च्या कराराने तो वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात इंग्रज सरकारकडे कायमच्या पट्ट्याने गेला आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९०५ पर्यंत खामगाव तालुका, आणि त्यातील शेगाव, अकोला जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी तो बुलढाणा जिल्ह्यात आला. म्हणजे गजानन महाराज प्रकट झाले तेव्हा शेगाव अकोला जिल्ह्यात होते आणि त्यांनी समाधी घेतली तेव्हा ते बुलढाणा जिल्ह्यात होते. मधल्या काळात गाव आपल्या जागेवरून तसूभरही हलले नव्हते.

१९५६ ची पंचमी शेगावने मध्य प्रदेशात साजरी केली, कारण राज्यपुनर्रचना त्या वर्षी १ नोव्हेंबरला झाली. १९५७ ची पंचमी द्वैभाषिक मुंबई राज्यात झाली. १९६० ची पंचमी ही महाराष्ट्र राज्यातील पहिली होय. कागदपत्रांवरील शिक्के बदलले, राजधानी नागपूरहून मुंबईस गेली, न्यायालयांची नावे पालटली. दिंड्यांचा मार्ग आणि उपवासाचा दिवस मात्र कोणत्याही राजपत्रावर अवलंबून नव्हता.

तिथी आणि तारीख

पंचमीची इंग्रजी तारीख दरवर्षी वेगळी असते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी मागे पडते आणि अधिक मास घालून तो फरक भरून काढला जातो. त्यामुळे २०२० मध्ये ही तिथी २३ ऑगस्टला आली, तर २०२३ मध्ये २० सप्टेंबरला. समाधीच्या शताब्दी वर्षात, म्हणजे २०१० मध्ये, ती १२ सप्टेंबरला होती.

तरीही या दोन कालगणना अधूनमधून एकमेकींना गाठतात. एकोणीस सौर वर्षांत जवळजवळ नेमके २३५ चांद्र मास बसतात. म्हणून तिथी आणि तारीख यांचा मेळ सामान्यतः एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळून येतो. १९१० नंतर पाच आवर्तने पूर्ण झाली ती २००५ मध्ये आणि सहावे २०२४ मध्ये. या दोन्ही वर्षी पंचमी ८ सप्टेंबरलाच आली. तारीख मानणारा आणि तिथी मानणारा यांच्यात त्या दिवशी वाद उरला नाही. पंचांगाचे वाद कोणत्याही समाजाला नवीन नाहीत, जैन समाजालाही नाहीत. क्षय तिथी आणि वृद्धी तिथी यांवरून संवत्सरी नेमकी कधी, हा प्रश्न अनेकदा उपस्थित झाला आहे. अशा वेळी आकाशातील हिशेबाची ही गाठभेट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कापसाची पेठ आणि क्षमेचे कार्ड

वऱ्हाडात जैन धर्म प्राचीन काळापासून नांदत आहे. कारंजा येथे बलात्कार गण आणि सेन गण यांची भट्टारक पीठे होती. सैतवाल, बघेरवाल यांसारखे समाज या मातीत पूर्णपणे रुजलेले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यात आणखी भर पडली. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला अपूर्व भाव आला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला. शेगाव या मुख्य मार्गावरचे स्थानक झाले. १८७० मध्ये जलंब ते खामगाव ही शाखा सुरू झाली. राजस्थान आणि गुजरातमधून व्यापारासाठी आलेली अनेक ओसवाल कुटुंबे या पेठांत स्थायिक झाली.

व्यापारात देणेघेणे आले आणि देण्याघेण्यातून कटुताही आली. संवत्सरीचे सामाजिक महत्त्व येथेच कळते. सायंकाळच्या प्रतिक्रमणानंतर ‘मिच्छा मि दुक्कडं’ म्हणून प्रत्येकाने वर्षभरातील दोषांची क्षमा मागावयाची. समोर असलेल्याला ती हात जोडून मागता येते. दूर असलेल्यासाठी पत्र लागते. भारतात १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले आणि क्षमापना पत्रिका सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. पुढे छापील कार्डे आली, त्यानंतर दूरध्वनी आणि आता भ्रमणध्वनीवरील संदेश. साधन जसजसे सोपे झाले, तसतसे एका क्षणात शेकडो जणांची क्षमा मागणे शक्य झाले. मात्र ज्याच्याशी वर्षभर बोलणे बंद आहे, त्या एकाचे नाव बहुधा त्या शेकड्यांत नसते. पाव आण्याच्या कार्डावर स्वहस्ते नाव आणि पत्ता लिहावा लागत असे. तेव्हा कोणाला लिहिले आणि कोणाला टाळले हे लिहिणाऱ्याला स्वतःला तरी कळत असे.

शिरपूरचे कुलूप

क्षमेच्या या परंपरेसमोर वऱ्हाडातील एक कटू अध्याय ठेवावाच लागतो. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातील शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे तीर्थ दिगंबर आणि श्वेतांबर दोघांच्याही श्रद्धेचे स्थान आहे. पूजेच्या वेळा वाटून घेण्याचा करार दोन्ही पंथांत १९०५ मध्ये झाला. तरीही वाद मिटला नाही आणि ज्या १९१० साली शेगावी महाराजांनी समाधी घेतली, त्याच साली शिरपूरचा दावा अकोल्याच्या न्यायालयात दाखल झाला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२९ मध्ये त्याचा निकाल लागला. पण नंतरही मतभेद राहिलेच. १९८१ मध्ये मंदिराला कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३ मधील आदेशानंतर, बेचाळीस वर्षांनी, ते उघडले.

कोणाची बाजू योग्य, हा न्यायालयाचा विषय आहे आणि येथे त्याची चर्चा करण्याचे प्रयोजन नाही. परंतु या बेचाळीस वर्षांत भाद्रपद शुद्ध पंचमी दरवर्षी येत राहिली, हे विसरता येत नाही. दरवर्षी एका पंथाने क्षमा मागून पर्व संपविले आणि दुसऱ्याने क्षमेचे चिंतन करून पर्व सुरू केले. जे पार्श्वनाथ दोघांचेही आराध्य आहेत, त्यांच्या दाराला मात्र कुलूपच राहिले. त्या काळात जन्मलेली एक पिढी प्रौढ झाली आणि त्या पिढीतील अनेकांनी गाभाऱ्यात उभे राहून भगवंतांचे दर्शन घेतलेच नाही. तिथी माणसाला संधी देते. ती घेण्याचे काम माणसाचे असते.

दोन मुक्या पंचम्या

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे राज्यातील धर्मस्थळे बंद झाली. त्या वर्षी पंचमी २३ ऑगस्टला आली. शेगावच्या मंदिराची दारे भक्तांसाठी बंद होती आणि दिंड्या निघाल्या नाहीत. जैन समाजाचा प्रश्न त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. पर्युषणाच्या अखेरच्या दोन दिवसांपुरती, २२ आणि २३ ऑगस्टला, मुंबईतील दादर, भायखळा आणि चेंबूर येथील तीन मंदिरे नियमांच्या मर्यादेत उघडण्याची परवानगी न्यायालयाने दिली. इतरत्र बहुतेक कुटुंबांनी प्रतिक्रमण घरीच केले.

पुढील वर्षीची पंचमी ११ सप्टेंबर २०२१ रोजी आली, तीही बंद दारांआड. धर्मस्थळे पुन्हा उघडली ती ७ ऑक्टोबर २०२१ रोजी. शेगाव संस्थानाच्या सेवाकार्याला शिस्त आणि व्यापकता मिळवून देणारे व्यवस्थापकीय विश्वस्त शिवशंकरभाऊ पाटील यांचे त्यापूर्वी ४ ऑगस्ट २०२१ रोजी निधन झाले होते. त्यांच्यानंतरची पहिली पुण्यतिथी गर्दीविना झाली. तरीही या दोन्ही वर्षी तिथी चुकली नाही. मंदिरात नित्यक्रम चालला, घराघरांत ऋषीची भाजी शिजली, उपवास झाले आणि क्षमा मागितली गेली. उत्सवाचे बाह्य रूप बाजूला झाल्यावर तिथीचे जे मूळ रूप उरते, ते त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

उपसंहार

भाद्रपद शुद्ध पंचमीस शेगावात आणि भोवतालच्या वऱ्हाडात जे घडते त्यात एक समान सूत्र आढळते, ते सोडून देण्याचे. संताने देहाची आसक्ती सोडली. गृहिणी एका दिवसापुरते का होईना, बैलाच्या कष्टाचे अन्न सोडते. जैन श्रावक वैर सोडतो. ही तिन्ही माणसे एकमेकांचे ग्रंथ वाचीत असतीलच असे नाही. पण ती एकाच गावात राहतात, एकाच बाजारात उभी राहतात आणि त्या दिवशी एकमेकांच्या दाराशी काय चालले आहे हे त्यांना ठाऊक असते. गावाचा इतिहास म्हणावयाचा तो यालाच.

एखाद्या विश्वस्त संस्थेच्या पन्नास वर्षांत पन्नास पंचम्या येऊन जातात. इमारती, निधी आणि उपक्रम यांचा लेखाजोखा सुवर्णमहोत्सवी वर्षात मांडला जातोच. त्यासोबत या पन्नास पंचम्यांना किती दुरावे मिटले, किती जणांशी पुन्हा बोलणे सुरू झाले, याचाही हिशेब प्रत्येक सभासदाने आपल्याशी मांडावा. पैठणच्या राजाला आचार्यांनी जे सांगितले ते या हिशेबालाही लागू आहे. लोकांच्या सोयीसाठी दिवस अलीकडे आणता येतो. क्षमा मागण्यास पंचमीची वाट पाहण्याचीही आवश्यकता नाही. मात्र ती रात्र ओलांडू नये.